मागची सीट मोकळी हवी

गाडी नीटनेटकी कशी ठेवावी याचे सल्ले देणारी माणसं बहुतेक कोरड्या हवेत राहत असावीत. सीटला मखमली कव्हर घाला, पायाखाली जाड गालिचा अंथरा, पुढे सुगंधी जेलची डबी ठेवा. आमच्या गुहागर तालुक्यात मृग लागला की मखमलीवर बघता बघता पांढरी बुरशी चढते. गालिचा एकदा भिजला की गौरी-गणपती येऊन गेले तरी दमटच. आणि त्या जेलच्या वासानं कुंभार्ली घाटात मागे बसलेलं पोर हमखास उलटी करतं. इथली गाडी इथल्याच रीतीनं आवरावी लागते.

आमची गाडी साधीच, पाच माणसांची. चालवते मी, कारण रोज शृंगारतळीच्या बाजूला शाळेत जायचं असतं. आंब्याच्या दिवसांत ती ह्यांची होते आणि तिच्यात क्रेट, झेला म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, दोरखंड, कोयती असं सगळं शिरतं. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या मते ती हेदवीला आणि वेळणेश्वराला जाण्यासाठीच घेतलेली आहे. लेक तिच्यात शिंपले साठवते. आणि वाडीत दुसरी चारचाकी नाही, म्हणून वाडीलाही ती आपलीच वाटते. वाडीचं बरोबर आहे, पण ते पुढे.

इतक्या मालकांच्या गाडीत प्रत्येकाच्या वस्तूला एकेक कप्पा करत बसलं तर माणसं टपावर बसवावी लागतील. सीटच्या पाठीला लटकवायचे ते काळे कप्पेवाले पडदे मिळतात ना, तसे दोन माझ्या भाचीनं हौसेनं आणून दिले होते. दिसायला छान. काही दिवसांनी आतलं काढलं तर पेनांची टोपणं, चिंचोके, अर्धी उरलेली आवळा सुपारी, एक मोजा आणि माझ्याच शाळेची, माझ्याच सहीची, पालकांसाठीची सूचना. कप्पा दिसला की माणूस त्यात काहीतरी घालतो. तिथून काढायला मात्र कुणी जात नाही. ते पडदे आता पडवीत आहेत, त्यात बियाण्यांच्या पुड्या राहतात आणि तिथे ते शोभतात. गाडीच्या बाबतीत माझं धोरण सरळ आहे. काढता येईल ते काढायचं, आणि जे राहील ते हलता कामा नये.

पण आधी ओल.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. छत्र्या, रेनकोट, भिजलेली दप्तरं यांतून आत येणारं पाणी निदान दिसतं तरी. न दिसणाऱ्या पाण्याच्या तीन वाटा आहेत. पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, एक काळी जाळी असते. काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्या खालच्या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही कडांनी जमिनीवर जातं. गाडी आंब्याखाली लावायची सवय असेल तर त्या पन्हळीत पानांचे देठ, मोहोराचा भुगा, दसऱ्याला बॉनेटवर घातलेल्या झेंडूच्या पाकळ्या असं सगळं साठून लगदा होतो. मग पन्हळ तुंबते आणि पाणी सापडेल त्या वाटेनं आत शिरतं, बऱ्याचदा डाव्या सीटच्या पायाशी. दुसरी वाट एसीची. दमट दिवसांत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे. ठिबकत नसेल तर ती बारीक नळी तुंबली असं समजा, कारण ते पाणी कुठेतरी जात असणारच. तिसरी वाट दारांची. प्रत्येक दाराच्या तळकडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी तिथून निथळतं. तांबड्या चिखलानं ती बुजली की दार उघडताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो, आणि पत्रा आतून गंजायला लागलेला असतो. हिराच्या केरसुणीतला एक हीर घेऊन ती भोकं मोकळी करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आमच्याकडे हे काम लेकीचं. दारातून पाणी आलं की तिला विहिरीला झरा लागल्याचा आनंद होतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा नंतर कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला सीटा काढून ठेवलेल्या गाड्या दिसत होत्या. आमचा गॅरेजवाला त्या दिवसांत गाड्यांचे गालिचे उपसत होता. त्यानं मला एका गाडीचा तळ दाखवला. वरचा गालिचा हाताला कोरडा लागत होता. त्याच्याखाली जाड फोम असतो, तो दाबला तर पाणी वर आलं. त्या फोमच्या बाजूनं वायरींचे जुडगे जातात. वरून फडकं मारून गाडी कोरडी झाली असं समजणाऱ्यांच्या वायरी मग हिरव्या पडतात, तो म्हणाला. आमच्या गाडीत पूर आला नव्हता, पण रोजच्या ओल्या चपलांनीही हेच होतं, फक्त सावकाश. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे काठ असलेले रबरी ट्रे असतात आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या. कागद ओला लागला की बदलायचा. कोपरान् कोपरा मापून शिवलेले, चिकटून बसणारे ते चामडी गालिचे मला पटत नाहीत. ते उचलले जात नाहीत, आणि जे उचललं जात नाही त्याच्याखाली काय चाललंय ते कळत नाही.

पावसात एसी लावला की आई म्हणतात, "थंडीत गारठा कशाला?" पण एसी हवा गार करताना तिच्यातला ओलावाही काढून टाकतो. काचेवरची वाफ जाते, सीट कोरड्या राहतात. घर जवळ आलं की एसी बंद करून पंखा तेवढा चालू ठेवायचा, म्हणजे आतली गार जाळी सुकते आणि दुसऱ्या दिवशी तो कुबट, ओल्या गोणपाटाचा वास येत नाही. श्रावणात ऊन डोकावलं की सगळी कामं टाकून गाडी अंगणात काढायची. चारी दारं आणि डिकी सताड उघडून ती उभी राहते, खाडीतल्या खुंटावर पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्यासारखी. जाणारे-येणारे विचारतात, "बाई, गाडी बिघडली काय?"

तांबड्या मातीचं एकच सांगते. तिला ओलं फडकं लावायचं नाही. जांभ्याच्या मातीत लोह असतं, म्हणून तर ती तांबडी. ती भिजवून चोळली की कापडाच्या धाग्यात जाऊन बसते. आधी पूर्ण वाळू द्यायची, मग रंगकामाचा जुना ब्रश घेऊन झाडायची. तोच ब्रश एसीच्या फटींनाही चालतो. वाळूला तर ब्रशही नको. किनाऱ्यावरून आल्यावर पाय बाहेर सोडून सीटवर आडवं बसायचं, पाय पूर्ण सुकले की वाळू आपोआप झडते. गाडी थेट पुळणीवर नेणाऱ्यांशी मी बोलत नाही. भरतीत अडकलेल्या गाड्या बाहेर ओढायला दर सुट्टीत गावातली माणसं धावतात, आणि खारं पाणी ज्या गाडीच्या तळाला लागलं तिचं पुढे काय होतं हे बघायला ते पाहुणे इथे थांबत नाहीत.

आता नारळ. कोकणात कुणाच्याही घरून निघताना हातात नारळ पडतो. नाही म्हणता येत नाही, आणि तो पायाशी टाकला जातो. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून एकदा नववीच्या वर्गाला गणित घातलं. गाडी ताशी ६० किलोमीटरनं जात असताना कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर आतला सुटा नारळ त्याच वेगानं पुढे जात राहतो. हा वेग किती उंचीवरून पडणाऱ्या नारळाचा? उत्तर येतं साधारण १४ मीटर. मुलांना ही उंची समजावून सांगावी लागली नाही. माडाखाली कुणी झोपत नाही, तिथे पाळणा बांधत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मागच्या काचेपाशी, डोक्यांच्या उंचीला, त्या फळीवर चार नारळ मांडून मंडळी खुशाल घाट उतरतात.

आणि पुढे पायाशी ठेवलेला नारळ त्याहून वाईट. तो घरंगळत ब्रेकच्या पायपट्टीखाली जाऊन बसला तर ब्रेक दाबलाच जात नाही. पाण्याची बाटलीही तशीच, आणि सरकलेली मॅटही. माझ्या उजव्या पायाच्या आसपास कुणीही काही ठेवायचं नाही, हा आमच्या गाडीतला एकमेव कायदा आहे ज्याला अपील नाही. नारळ डिकीत जातात, आंब्याच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. हे क्रेट बागायतदारांच्या घरी असतातच. हवेशीर असतात, धुता येतात, एकावर एक बसतात. जड क्रेट तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून ठेवायचा, म्हणजे ब्रेक लागल्यावर त्याला पळायला जागा मिळत नाही. डिकीचा निम्मा भाग मात्र ह्यांनी कितीही गयावया केली तरी मोकळा राहतो. कारण स्टेपनी आणि जॅक त्याच्याखाली आहेत. माझ्या धाकट्या दिरांनी एकदा पुण्याला आंबे नेताना डिकी छतापर्यंत भरली, आणि टायर बसला तो नेमका घाटात. रस्त्याच्या कडेला पेट्यांची रांग लागली. येणारे-जाणारे गाड्या थांबवून भाव विचारायला लागले. दोन पेट्या तिथेच खपल्या असं ते अजून फुशारकीनं सांगतात.

वासाबद्दल लोक संकोचानं बोलतात. मी मोकळेपणानं बोलते. दाभोळच्या बाजूला गेलं की मासे आणणार, हे ठरलेलं. धोपाव्याच्या फेरीबोटीवर गाड्या इतक्या चिकटून लावतात की दारही पुरतं उघडत नाही, आणि त्या पाच-दहा मिनिटांत कुणाच्या डिकीत काय आहे ते सगळ्या बोटीला कळतं. पिशवीतला बर्फ वितळतो, पिशवीला काटा लागून भोक पडतं, आणि बांगड्याचं पाणी एकदा का डिकीच्या गालिच्यात गेलं की संपलं. यावर उपाय म्हणजे रंगाची रिकामी बादली, वीस लिटरची, घट्ट झाकणाची. घर रंगवून झालं की अशा बादल्या प्रत्येकाकडे उरतात. मासे, बर्फ, सगळं त्यात. बादली क्रेटमध्ये.

तरी सांडलंच, तर साबण आणि सुगंधी फवारा कामाचा नाही. माशाचा तो ठरावीक वास ट्रायमिथाइल अमाईनचा असतो. ते आम्लारी आहे, त्याला मारायला आम्ल लागतं. व्हिनेगर पाण्यात घालून पुसावं, नाहीतर लिंबू. आई हे रसायनशास्त्र न शिकताच जाणतात. माशाच्या कालवणात आमसूल आणि चिरताना हाताला लिंबू, दुसरं काय आहे ते? पण म्हणून गाडीत आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, ओतायला जाऊ नका. आगळाची बाटली डिकीत फुटणं हा माशाहून मोठा प्रसंग आहे. त्यात मीठ मुबलक असतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. डाग वाळलेला दिसतो, पण पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा ओली होते, दरवर्षी. साध्या पाण्यानं पुन्हा पुन्हा भिजवून टिपून मीठ पूर्ण निघालं, तरच सुटका. फणसाचा चीक त्या मानानं गरीब. खोबरेल तेल लावून चोळला की सुटतो, मग तेलाचा डाग साबणानं काढायचा. आमच्या गाडीला सुगंध हवाच असेल तर होळीच्या सुमारास आरशाला सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, अडकवते. तो सुकला की काढायचा, हेही आलंच.

देवाचा प्रश्न नाजूक होता. गाडी आली त्या दिवशी आईंनी पितळी गणपती डॅशबोर्डच्या डाव्या भागात, अगदी मधोमध, चिकटवायला काढला. त्या जागी प्लॅस्टिकचं एक झाकण असतं आणि त्यावर एअरबॅग असं कोरलेलं असतं. अपघातात ते झाकण फाडून पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि त्यावर जे काही असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं. समोर बहुतेक वेळा आईच बसतात. हे त्यांना कसं सांगावं, याचा ह्यांनी आणि मी रात्री बराच खल केला. शेवटी ह्यांनी सांगितलं, "आई, तिथे बाप्पाच्या पाठीमागे स्फोटकं आहेत." त्यांनी शांतपणे मूर्ती उचलली आणि म्हणाल्या, "मग त्याला तिथे कशाला बसवता? आधी नाही का सांगायचं?" आता कापडावर छापलेलं एक छोटं चित्र गिअरच्या पुढच्या खणात आहे. मूर्ती घरात देव्हाऱ्यात गेली. त्या खणात दुसरं काही ठेवायची कुणाची हिंमत होत नाही, हा वरचा फायदा.

वाडीकडे येते. फुरसं हा विषारी साप आमच्या जिल्ह्यात पुष्कळ. कातळावर, जांभ्याच्या दगडांच्या आड असतं. एके वर्षी पावसाच्या तोंडाला गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या बांधाचे, दगड रचताना शेजारच्या काकांच्या हाताला ते चावलं. संध्याकाळची वेळ. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला, पण आमच्या वाडीचा उतार आणि त्या पावसानं झालेला रस्ता बघता शृंगारतळीपर्यंत आपणच जावं असं ठरलं. सापाच्या दंशात माणसाला चालवायचं नसतं. घट्ट दोरी बांधायची नसते, चिरायचं नसतं. चावलेला हात हलणार नाही असा आधार देऊन, धीर देऊन, शांत आडवं ठेवून लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचवायचं. म्हणजे त्याला आडवं व्हायला जागा हवी, डोक्याशी बसायला एक माणूस हवं, आणि वाटेत उलटी झाली तर टॉवेल हाताशी हवा. काकांना चौघांनी खुर्चीत बसवून पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनं, खाली आणलं तेव्हा मागची सीट मोकळी होती. ते बरे झाले, अजून गडगे रचतात, आता आधी काठीनं दगड हलवून बघतात.

तेव्हापासून माझ्या आवरण्याला घरात कुणी खूळ म्हणत नाही. रात्री गाडी लावताना मागच्या सीटवर काहीही नसतं. टाकी पावपेक्षा खाली जात नाही. डाव्या दाराच्या कप्प्यात टॉर्च, एक जुनी स्वच्छ चादर आणि दोन टॉवेल. किल्ली पडवीतल्या खुंटीवर, आणि ती कुठे असते हे वाडीतल्या गाडी चालवता येणाऱ्या दोन मुलांना माहीत आहे. ते रात्री-अपरात्री गाडी घेऊन गेले तरी त्यांनी काय शोधायचं हे ठरलेलं असावं, एवढ्यासाठी प्रत्येक वस्तू तिथल्या तिथे.

बाकी किरकोळ. कागदपत्रं आता डिजिलॉकरमध्ये चालतात, तेव्हा पुढच्या खणात ओल खाऊन फुगलेली फाईल ठेवायचं कारण उरलेलं नाही. प्रथमोपचाराची पेटी हवीच, पण तिच्यात पट्ट्या, कापूस, जंतुनाशक एवढंच. मे महिन्यात बंद गाडीत जो उकाडा होतो त्यात गोळ्या-औषधं टिकत नाहीत, ती घरून निघताना घ्यावीत. खाण्याचं काही रात्री गाडीत नको. पावसाळ्यात उंदीर कोरडी जागा शोधत येतात, खाऊ संपला की वायरी कुरतडतात, आणि उंदरामागून कोण येतं ते कोकणात सांगायला नको.

वर्षातून एकदा गाडीला पूर्ण अंघोळ होते, गणपती आणायच्या आदल्या दिवशी. शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेतून, मूर्ती पूर्वी डोक्यावरून यायची. आता मागच्या सीटवर आई मांडीवर पाट घेऊन बसतात, चेहऱ्यावर रुमाल, आणि मी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. तो एकच प्रवास असा, ज्यात मागची सीट भरलेली असून माझी तक्रार नसते.

आणि मग चाकरमानी येतात. मुंबईहून रात्रभर कशेडी, परशुराम हे घाट करत आलेल्या माणसांना चिपळूण स्टँडवरून आणायला जायचं. तीन माणसं, सात बॅगा, मिठाईचे डबे, आणि माझे थोरले दीर, जे बसल्या बसल्या वेफर्सचं पाकीट फोडतात. यंदा मी डिकी उघडून क्रेट दाखवला, बॅगा तिथे लावल्या, आणि पाकीट माझ्याकडे घेतलं. "वहिनी, तुमच्या गाडीत बसलं की तपासणी नाक्यावर आल्यासारखं वाटतं," म्हणाले. वाटू दे, भाऊजी. फक्त उतरताना ती पाण्याची बाटली घेऊन उतरा.